प्लॅन २०० चा, मोबाईलवर ४२ च! इंटरनेट अपग्रेड केल्यावरही घरातलं वायफाय स्लो का?

नवा प्लॅन घेतला, पैसे भरले, मेसेजही आला की तुमचा स्पीड आता २०० एमबीपीएस झाला आहे. मग मोबाईलवर स्पीड टेस्ट लावली आणि काटा ४२ वर जाऊन थांबला. आधीच्या ५० च्या प्लॅनमध्येही तो साधारण तिथंच थांबायचा. यानंतर घरोघरी दोनच प्रश्न विचारले जातात. कंपनी फसवतेय का? आणि नवीन राउटर घ्यावा का?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर घाईने देऊ नका. बऱ्याचदा २०० एमबीपीएस तुमच्या घरापर्यंत व्यवस्थित आलेले असतात. ते अडलेले असतात घरातल्या शेवटच्या पंधरा-वीस फुटांत. शीळ धरणातून शहरात येणारी लाइन कितीही मोठी टाकली, तरी तुमच्या मोरीतला नळ अर्ध्या इंचाचाच असेल तर बादली पूर्वीच्याच वेळात भरणार. इंटरनेटचंही तसंच आहे, फक्त इथे अरुंद जागा डोळ्यांना दिसत नाही. ती ओळखायची खूण मात्र आहे. स्पीड टेस्टमध्ये येणारा आकडाच बहुतेक वेळा सांगतो की गाडं कुठे अडलंय. तो आकडा कसा वाचायचा, आणि रत्नागिरीसारख्या ठिकाणी चिऱ्याच्या भिंती, खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांचा त्यात काय वाटा असतो, ते या लेखात पाहू.

आधी तीन आकडे कागदावर लिहा

मोबाईल हातात घेऊन घरभर फिरत टेस्ट करण्यात अर्थ नाही. तीनच ठिकाणी मोजा.

पहिलं मोजमाप वायरवर. लॅपटॉपला लॅन केबल लावा, तिचं दुसरं टोक थेट कंपनीच्या मोडेमला जोडा (तांत्रिक भाषेत याला ओएनटी म्हणतात, आपल्याकडे सगळे मोडेमच म्हणतात) आणि लॅपटॉपचं वायफाय बंद करा. घरातले बाकीचे मोबाईल आणि टीव्ही पाच मिनिटं वायफायवरून काढा. लॅपटॉपला लॅनचा पोर्ट नसेल तर यूएसबीचा अडॅप्टर चालतो, पण तो गिगाबिटचा आणि यूएसबी ३ चा हवा. स्वस्तातला जुना अडॅप्टर स्वतःच १०० वर अडतो आणि मग तुम्ही अडॅप्टरची परीक्षा घेत बसता.

दुसरं मोजमाप मोबाईलवर, मोडेमपासून चार-पाच फुटांवर उभं राहून, मध्ये भिंत नसताना. तिसरं, तुम्ही रोज जिथे बसून काम करता किंवा मुलं अभ्यासाला बसतात तिथे.

मोजताना एक घोळ टाळा. प्लॅनमधला आकडा मेगाबिटमध्ये असतो, तर फाइल डाउनलोड होताना ब्राउझर बऱ्याचदा मेगाबाइट दाखवतो. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणजे २०० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला २५ मेगाबाइट उतरत असतील तर सगळं अगदी बरोबर चाललं आहे. २०० मागितले आणि २५ मिळाले, अशा तक्रारी यातूनच होतात.

आता पहिला आकडा बघा. तो १८० ते २१० च्या दरम्यान आला तर कंपनीचं काम झालं, दोष घरात आहे. तो जुन्या प्लॅनएवढाच, म्हणजे ५० च्या आसपास आला, तर नवा प्लॅन तुमच्या मोडेमपर्यंत अजून पोचलेला नाही. काही कंपन्यांकडे मोडेम पुन्हा जोडला जाईपर्यंत जुनाच स्पीड चालू राहतो. मोडेमचं बटण बंद करून पाच मिनिटांनी चालू करा. तरीही ५० च असेल तर ग्राहक केंद्राला फोन करा आणि एवढंच विचारा, "माझ्या कनेक्शनला सध्या कोणता प्लॅन लागलेला दिसतोय?" आणि तो आकडा १ किंवा २ वर घुटमळत असेल तर महिन्याचा डेटा संपलाय का ते पाहा. अमर्यादित म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच प्लॅनमध्ये महिन्याला सुमारे ३३०० जीबीची मर्यादा बारीक अक्षरांत लिहिलेली असते.

९४ हा आकडा दिसला तर

वायरवर ९३, ९४ किंवा ९५ आले, परत मोजलं तरी तेवढेच, पहाटे मोजलं तरी तेवढेच. असं झालं तर निदान जवळजवळ पक्कं आहे. वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचा पोर्ट किंवा केबल आहे. १०० च्या पोर्टमधून प्रत्यक्ष माहिती ९४-९५ पर्यंतच जाते. बाकीची जागा प्रत्येक पॅकेटवरचा पत्ता वगैरे वेष्टनात खर्च होते. ५० च्या प्लॅनमध्ये हा अडथळा तुम्हाला कधी जाणवलाच नसता. प्लॅन मोठा केल्यावरच तो उघडा पडतो.

हा १०० चा अडथळा तीन ठिकाणी लपतो. पहिलं ठिकाण म्हणजे जुना राउटर. खोक्यावर 'एसी १२००' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, त्यामुळे तो १२०० एमबीपीएस देईल असं वाटतं. प्रत्यक्षात ती दोन वायफाय बँडच्या कागदावरच्या स्पीडची बेरीज असते, ३०० अधिक ८६७. मागचे वायरचे पोर्ट मात्र बऱ्याच स्वस्त मॉडेलमध्ये १०० चेच असतात. इंटरनेट त्या पोर्टातूनच आत येणार असल्यामुळे पुढे वायफाय कितीही जोरदार असलं तरी उपयोग नाही. दुसरं ठिकाण खुद्द कंपनीचा मोडेम. काही मोडेममध्ये चारपैकी एकच पोर्ट गिगाबिटचा असतो, बाकीचे तीन १०० चे. बहुतेक वेळा 'लॅन १' लिहिलेला पोर्ट गिगाबिटचा असतो. वायर काढून तिथे लावून बघायला पैसे पडत नाहीत.

तिसरं ठिकाण केबल, आणि किनाऱ्यालगतच्या घरांसाठी हेच महत्त्वाचं आहे. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्या. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. आठातली एक तार तुटली किंवा क्लिपमधली एक पिन गंजली की दोन्हीकडची यंत्रं कुठलाही इशारा न देता आपसात १०० वर तडजोड करतात. स्क्रीनवर चूक दिसत नाही, इंटरनेट चालूच राहतं. मिऱ्या, मांडवी, भाट्ये, राजिवडा या भागांत राहणाऱ्यांना खाऱ्या हवेचे प्रताप वेगळे सांगायला नकोत. जी हवा खिडकीचे गज आणि फ्रिजचा तळ खाते, ती लॅनच्या क्लिपलाही सोडत नाही. क्लिप काढून उजेडात धरा. पितळी-सोनेरी पिनांवर हिरवट किंवा पांढरी पुटं दिसली तर केबल बदला. घासून वापरण्यात राम नाही.

नवी केबल घेताना तिच्या अंगावर 'कॅट ५ई' किंवा 'कॅट ६' छापलेलं आहे ना ते वाचा. नुसतं 'कॅट ५' असेल तर ती जुन्या जमान्याची. तार पूर्ण तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण ती वाकवताना लवकर तुटते. केबल लावल्यावर विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा. १०००/१००० दिसलं तर जमलं, १००/१०० दिसलं तर अजून कुठेतरी माशी शिंकतेय.

४० च्या आसपास अडलेला आकडा

वायरवर २०० आले आणि मोडेमशेजारी उभं राहूनही मोबाईलवर ४०-५० च येतात. इथे दोष वायफायच्या बँडचा असतो.

घरातलं वायफाय मुख्यतः दोन बँडवर चालतं, २.४ गिगाहर्ट्‌झ आणि ५ गिगाहर्ट्‌झ. २.४ हा जुना बँड. भारतात २००५ पासून तो परवान्याशिवाय वापरता येतो, आणि फुकटच्या जागेचं जे होतं तेच त्याचं झालं. ब्लूटूथ त्याच्यावर, मायक्रोवेव्ह ओव्हनची गळती त्याच्यावर, शेजाऱ्यांची वायफायही त्याच्यावर. त्याच्या लहरी दूर जातात, भिंतीतून बऱ्यापैकी पार होतात, पण त्यात मोकळी जागा थोडी. ५ गिगाहर्ट्‌झमध्ये जागा भरपूर, पण त्या लहरी भिंतीला लवकर हार मानतात.

तुमचा मोबाईल सध्या कशावर आहे ते त्याच्या वायफाय सेटिंगमध्ये कळतं. जोडलेल्या नेटवर्कच्या नावावर टॅप केलं की बहुतेक अँड्रॉइड फोन बँड आणि 'लिंक स्पीड' दाखवतात. ६५ किंवा ७२ लिंक स्पीड म्हणजे २.४ चा बँड आणि एकच अँटेना. प्रत्यक्षात मिळणार ४० ते ५०. १४४ असेल तर २.४ वर दोन अँटेना, हातात ६० ते ९०. ४३३ म्हणजे ५ गिगाहर्ट्‌झ आणि एक अँटेना, इथे २०० चा प्लॅन आरामात पूर्ण मिळतो. ८६६ असेल तर ५०० च्या प्लॅनपर्यंतही चिंता नाही. लिंक स्पीड म्हणजे कागदावरचा पगार आणि टेस्टचा आकडा म्हणजे हातात येणारा. साधारण अर्धा ते दोन तृतीयांश हातात येतो, तेवढी कापणी गृहीतच धरा.

बरेच मोडेम दोन्ही बँडना एकच नाव देतात आणि मोबाईल आपल्या मर्जीने २.४ ला चिकटतो. मोडेमच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्हींना वेगळी नावं द्या आणि रोजच्या वापराच्या मोबाईलना ५ वालं नाव जोडून द्या. नावात '५जी' दिसलं म्हणून ते मोबाईलचं ५जी नव्हे, हेही सांगायला हवं. तिथे तो आकडा फक्त ५ गिगाहर्ट्‌झचा आहे. ५ वालं नाव मोबाईलमध्ये दिसतच नसेल तर दोन शक्यता. मोडेम एकाच बँडचा आहे, किंवा मोबाईल. कमी किमतीच्या जुन्या फोनमध्ये ५ गिगाहर्ट्‌झची सोयच नसते, त्याला राउटर काहीही करू शकत नाही. घरातल्या दुसऱ्या फोनवर ते नाव दिसतं का, यावरून खरा दोषी सापडतो.

आणि आकडा २०-२५ वरच अडला असेल तर एक जुनाट कारण तपासा. राउटरच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये 'डब्ल्यूईपी' किंवा 'टीकेआयपी' निवडलेलं असेल, तर २००९ नंतरची वायफायची वेगवान पद्धत चालतच नाही, लिंक ५४ वर अडकते. कुणीतरी दहा वर्षांपूर्वी लावून दिलेल्या आणि तेव्हापासून कुणी हात न लावलेल्या राउटरमध्ये हे सापडतं. 'डब्ल्यूपीए२ एईएस' किंवा 'डब्ल्यूपीए३' निवडा. पासवर्डही त्याच वेळी बदला, वाडीतल्या किती जणांना तो माहीत आहे कुणास ठाऊक.

चॅनल बदलण्याचा सल्ला इंटरनेटवर सगळीकडे मिळतो. मारुती मंदिर, साळवी स्टॉप किंवा नाचण्याच्या अपार्टमेंटमध्ये, जिथे मोबाईलवर पंधरा-वीस वायफायची नावं दिसतात, तिथे २.४ साठी १, ६ आणि ११ पैकी सगळ्यांत मोकळा चॅनल निवडल्याने फरक पडतो. पण शेजारचं घर दोनशे फुटांवर असलेल्या वाडीत चॅनल बदलत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

ओटीवर मोडेम, स्वयंपाकघरात काळोख

मोडेमशेजारी १८० येतात आणि मागच्या खोलीत १५. हा कोकणातल्या घरांचा खास आजार आहे.

याचं कारण घराच्या मांडणीत आहे. फायबरची वायर खांबावरून येते ती घराच्या पुढच्या बाजूला. तंत्रज्ञ जिथे वायर आत येते तिथेच मोडेम ठोकून मोकळा होतो. म्हणजे ओटीवर किंवा पडवीत, खिडकीजवळ. जुन्या घरात ओटीमागे माजघर, त्यामागे स्वयंपाकघर, मग मागची पडवी. वायफायच्या लहरी चहूबाजूंना जात असल्यामुळे अर्ध्या लहरी अंगणात आणि आंब्याच्या कलमांत जातात, आणि उरलेल्या अर्ध्यांना एकामागून एक चिऱ्याच्या भिंती ओलांडाव्या लागतात.

आणि चिरा म्हणजे काही पार्टिशनची भिंत नव्हे. जांभा दगड लोहयुक्त आणि सच्छिद्र. खाणीत असताना तो मऊ असतो, विटेसारखा कापता येतो आणि हवेवर टणक होतो. याच गुणामुळे फ्रान्सिस बुकॅनन यांनी १८०७ मध्ये मलबारातल्या या दगडाला विटेच्या लॅटिन शब्दावरून लॅटेराइट हे नाव दिलं. घरासाठी त्याच्यासारखा दगड नाही, पण फूट-दीड फूट जाडीची भिंत ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरींना जड जाते. त्यात हा दगड पाणी धरून ठेवतो. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. गिलावा नसलेली ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा लहरी जास्त शोषते. तेव्हा मे महिन्यात माजघरात बऱ्यापैकी चालणारं वायफाय जुलैत कुरकुरलं, तर तुमचा भास आहे असं समजू नका.

सिग्नल किती उरतो ते दाखवणारी मोफत ॲप आहेत. त्यात आकडा उणे चिन्हासह येतो. उणे ५० च्या आसपास उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल व्यवस्थित, उणे ८० ला नुसतं नाव दिसतं, काम होत नाही. हा साधा वजाबाकीचा आकडा नाही. १० ने घसरला की सिग्नलची ताकद एक दशांश होते. एका भिंतीमागे उणे ५५ आणि दुसरीमागे उणे ७५ आलं, तर त्या एका भिंतीने शंभरातले नव्व्याण्णव भाग गिळले.

यावरचा सर्वांत चांगला उपाय बिनपैशाचा किंवा अगदी थोड्या पैशाचा आहे. मोडेम माजघरात, घराच्या मध्याजवळ आणा. फायबरची आतली वायर वाढवून घ्यायला तंत्रज्ञाला सांगावं लागतं, ती स्वतः ओढू नका. काचेची तार आहे, फार मुरगळली तर प्रकाश बाहेर गळतो. मोडेम पाच-सहा फूट उंचीवर ठेवा. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर, आरशाशेजारी, फ्रिजच्या आडोशाला नको. खिडकीला डासांची लोखंडी जाळी आणि वर पत्र्याची शेड असेल तर त्यांच्यापलीकडे ५ गिगाहर्ट्‌झची आशा सोडा. कौलांचं तेवढं नाही, आरसीसी स्लॅबचं मात्र आहे. म्हणून खालच्या मजल्यावरच्या मोडेमवर वरचा मजला चालवायचा हट्ट करू नये.

मोडेम हलवता येत नसेल तर लोक एक्स्टेंडर आणतात, भिंतीतल्या सॉकेटला लावायचा छोटा डबा. माझं स्पष्ट मत आहे की वेगवान प्लॅन घेतलेल्या माणसाने तो घेऊ नये. साधा एक्स्टेंडर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे सांगतो, त्यामुळे स्पीड जवळपास अर्धा होतो. त्यात आपण तो लावतो जिथे सिग्नल नाही तिथे, म्हणजे त्याला स्वतःलाच काही ऐकू येत नाही. लावायचाच असेल तर मोडेम आणि मागची खोली यांच्या मध्यावर लावा. 'मेश' नावाने विकले जाणारे दोन-तीन डब्यांचे संच यापेक्षा हुशार असतात, पण दोन डब्यांमध्ये चिऱ्याची भिंत असेल तर त्यांचंही डोकं भिंतीवरच आपटतं.

खरा उपाय म्हणजे मोडेमपासून मागच्या खोलीपर्यंत कॅट ६ केबल ओढायची आणि तिथे दुसरा राउटर 'ॲक्सेस पॉइंट' मोडमध्ये लावायचा. केबल १०० मीटरपर्यंत जाऊ शकते, त्यामुळे खळ्यापलीकडची खोलीही आवाक्यात येते. गणपतीपुळे किंवा आरे-वारेकडे होमस्टे चालवणाऱ्यांनी तर सुट्या खोल्यांसाठी दुसरा विचारच करू नये. केबल बाहेरून नेणार असाल तर उन्हात टिकणारी, बाहेरच्या वापराची काळी केबल घ्या. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्या की दोन इमारतींमधली ही तांब्याची केबल दोन्ही टोकांना काढून ठेवा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, तांब्यातून येते.

दोन राउटरची भानगड

अपग्रेडच्या वेळी कंपनी नवा मोडेम देते, त्यात वायफाय असतंच. जुना राउटर मात्र कुणी काढत नाही, कारण त्याच्यावर टीव्ही, कॅमेरा, सगळे मोबाईल आधीच जोडलेले असतात. मग घर नव्या प्लॅनचे पैसे भरतं आणि वापरतं जुन्या राउटरचं वायफाय. स्पीड न वाढण्याचं हे इतकं साधं कारण असतं की ते कुणी तपासत नाही. जुना राउटर दोन दिवस बंद ठेवून बघा. ठेवायचाच असेल तर वर सांगितल्याप्रमाणे ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये ठेवा, नाहीतर दोन्ही यंत्रं घरातल्या उपकरणांना आपापले पत्ते वाटत बसतात.

गणपतीत वायफाय का मरतं?

एरवी चार मोबाईल असलेल्या घरात गणपतीला चाकरमानी आले की वीस-पंचवीस मोबाईल होतात. स्पीड टेस्ट तेव्हाही कधी कधी १५० दाखवते, पण व्हिडिओ कॉल अडखळतो. असं कसं?

एक म्हणजे वायफायमध्ये एका वेळी एकच जण बोलतो. मागच्या पडवीत बसलेल्या कुणाचा तरी जुना मोबाईल क्षीण सिग्नलवर रडतखडत व्हिडिओ बघत असेल, तर तेवढाच डेटा न्यायला तो हवेतला वेळ कितीतरी जास्त खातो आणि बाकीचे थांबून राहतात. दुसरं कारण अपलोडचं. आरतीचे व्हिडिओ काढले की प्रत्येक मोबाईल ते गुपचूप क्लाउडवर चढवू लागतो. अपलोडची रांग तुंबली की डाउनलोडच्या विनंत्याही त्याच रांगेत अडकतात. प्लॅनमधला अपलोडचा स्पीड डाउनलोडएवढाच आहे का, हे प्लॅन घेताना विचारण्यासारखं आहे, आणि कुणी विचारत नाही.

पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क चालू करा. राउटरमध्ये 'क्यूओएस' किंवा 'बँडविड्थ कंट्रोल' असेल तर एकूण मर्यादा प्लॅनच्या साधारण ९० टक्क्यांवर लावा, म्हणजे रांग राउटरच्या ताब्यात राहते. आणि फोटोंचा बॅकअप रात्री चालू करा म्हणून सगळ्यांना सांगा. हे यंत्राला सांगण्यापेक्षा अवघड आहे.

दोष खरोखर बाहेर असेल तर

घरातलं वायफाय स्लो असतं तेव्हा ते रोज, सगळ्या वेळी, जवळपास सारखंच स्लो असतं. बाहेरच्या फायबरचा दोष सहसा वेगळा दिसतो. कनेक्शन तुटतं, परत येतं, पावसात जास्त तुटतं, मोडेमवर 'लॉस' लिहिलेला लाल दिवा लागतो. काचेतल्या प्रकाशाला पावसाने फरक पडत नाही. फरक पडतो खांबावरच्या जोडपेटीत शिरलेल्या पाण्याने, झावळी पडून ताणलेल्या वायरीने, घाईने मारलेल्या सांध्यांनी. ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ, मग मे २०२१ चं तौक्ते, आणि दरवर्षीचा जूनमधला वारा. असे तडाखे खाणाऱ्या खांबांवरची वायर किती वेळा तुटून किती ठिकाणी सांधली गेली असेल, याचा अंदाज बांधता येतो.

मोडेमच्या सेटिंगमध्ये 'आरएक्स ऑप्टिकल पॉवर' असा आकडा असतो. उणे १५ ते उणे २४ पर्यंत असेल तर निर्धास्त राहा. उणे २७ च्या पुढे गेला की लाइन कधीही तुटणार. तंत्रज्ञ आला की हा आकडा त्याच्यासमोर बघा आणि फोटो काढून ठेवा.

रोज रात्री नऊच्या सुमारास वायरवरचाही स्पीड कोसळत असेल आणि सकाळी सातला पूर्ण येत असेल, तर गर्दी कंपनीच्या बाजूला आहे. घरगुती फायबरची एक मुख्य तार सुमारे २.५ गिगाबिटची असते आणि ती ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते. शिवाय पुढे कंपनीने बाहेरून किती क्षमता घेतली आहे, हा प्रश्न आहेच.

अशा वेळी तक्रार करा, पण मोबाईलच्या स्क्रीनशॉटवर नको. तंत्रज्ञ येतो, आपला लॅपटॉप वायरने लावतो, २०० दाखवतो आणि तक्रार बंद होते. त्याऐवजी तीन दिवस, सकाळ-रात्र, वायरवर, लिंक १००० ची असताना घेतलेल्या टेस्ट द्या. तक्रारीचा डॉकेट नंबर लिहून घ्या. ठरलेल्या मुदतीत काम झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. प्रत्येक कंपनीला ते ठेवावं लागतं. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही. आणि 'ब्रॉडबँड' या शब्दावर भिस्त ठेवू नका. २०२३ पासून त्याची सरकारी व्याख्या किमान २ एमबीपीएस एवढीच आहे, त्याआधी ती ५१२ केबीपीएस होती.

मुळात २०० हवेत का?

हा प्रश्न प्लॅन विकणारा विचारणार नाही म्हणून इथे. नेटफ्लिक्सच्या सांगण्यानुसार ४के चित्राला १५ एमबीपीएस पुरतात, फुल एचडीला ५. व्हिडिओ कॉलला ४ च्या आत भागतं. चार माणसं एकाच वेळी काही ना काही बघत असली तरी ५० ते १०० च्या प्लॅनमध्ये घर चालतं. मोठ्या फाइल रोज चढवणारे-उतरवणारे, गेमचे मोठे अपडेट घेणारे, होमस्टेवाले यांना २०० चा फायदा दिसतो. इतरांनी वरचे तीन आकडे घेतल्यावर, मागच्या खोलीत १५ च येत असतील, तर दरमहा जास्त भरण्याऐवजी तेच पैसे एकदा केबल आणि ॲक्सेस पॉइंटवर घालावेत.

राउटर घ्यायचाच ठरलं तर खोक्यावर 'गिगाबिट पोर्ट' हे शब्द शोधा, ५ गिगाहर्ट्‌झ आहे ना ते बघा, आणि जमल्यास वायफाय ६ घ्या, गर्दीच्या घरात ते जास्त मोबाईल नीट सांभाळतं. किती अँटेना दिसतात याला महत्त्व नाही. सोबत १२ व्होल्टचा मिनी यूपीएसही घेऊन टाका. आधी अडॅप्टरवरचा व्होल्ट आणि अँपिअरचा आकडा जुळतो का ते पाहा. लाइट गेली की मोडेम पुन्हा चालू होऊन जोडला जायला दोन-तीन मिनिटं घेतो, आणि जून-जुलैत दिवसातून चार वेळा लाइट गेली तर ऑनलाइन परीक्षा किंवा मीटिंग चार वेळा तुटते.